गफूरच्या ओव्हरमधलं एक वाक्य

प्रिय तस्नीम,

सलाम. फोन तुमच्या घरात पाच जणांच्या हातांतून फिरतो, म्हणून हे पत्र. आमच्या दुकानातला मुझम्मिल फायनल एक्झिटवर, म्हणजे कायमचा, गावी निघालाय, त्याच्या बॅगेत टाकतोय. मोबाईलच्या दुकानांत आता फक्त सौदी पोरंच बसणार असा कायदा आला आणि आमची शटरं धडाधड पडली. मुझम्मिल कंटाळला. मी दम्माममध्ये नुसता भटकतोय. काल समुद्रावर एक माणूस हातावर ससाणा घेऊन बसला होता, तेच बघत राहिलो, जेवायचं विसरलो. असो.

गेल्या जुम्म्याला नमाजनंतर मॅच होती, तुमचं गाव विरुद्ध आमचं. गावच्या खाडीवरची भांडणं आम्ही इथे वाळूत खेळतो. जमालुद्दीन ठेकेदार बघायला आला होता. तिकडे दूर दक्षिणेला, जिझानला त्याचं काम चालू आहे, कंपनीच्या टीमला बॅट्समन हवाय. चांगला खेळलो तर माझा इकामा, इथे राहायचा परवाना, तो आपल्या कफील मालकाच्या नावावर फिरवून घेणार. पण आधीच म्हणाला, "मारामारी केलीस तर खलास. मला थंड डोक्याचा माणूस हवा."

थंड डोकं आणि मी! तुला माहितीय, माझं मन म्हणजे माशी. म्हणून एक युक्ती केली. बोलर धावायला लागला की त्याच्या हातातला बॉल तेवढा बघायचा आणि ओठांतल्या ओठांत म्हणायचं, बॉल, बॉल. शिव्या, ट्रकांचे हॉर्न, सगळं बाहेर.

आणि बोलर कोण, तर तुझा भाऊ गफूर. सीझन बॉल, डोक्यावर हेल्मेट नाही. पहिला बरगडीत बसला, अजून त्या कुशीवर झोपता येत नाही. दुसऱ्याने भुवई फोडली. तुमची पोरं ओरडली, "रडतोय रे, आईला फोन लावा!" आमचा हारून स्टंप उपटून धावला, त्याला मीच मागे ढकललं. बाहीने रक्त पुसून उभा राहिलो. बॉल, बॉल.

मग गफूर जवळ आला, हळूच म्हणाला, "तस्नीमची मंगनी झाली. तुझी बिर्याणी चुकली."

पुढचा बॉल मला नीट दिसला, पण गफूरचं तोंडही दिसलं. सरळ मारला. नारळ फुटावा तसा आवाज झाला. तो गुडघ्यांवर बसला, वाळूत दात थुंकले. मग दोन्ही गावं बॅटी, स्टंप, दगड घेऊन एकमेकांवर तुटून पडली. हारूनचं मनगट मोडलं. मी क्रीजमध्येच उभा, हातपाय गार. जमालुद्दीनला वाटलं, काय थंड डोकं! जाताना पाठ थोपटून म्हणाला, "यल्ला, जिझानची तयारी कर."

महिनाअखेर त्याला जबाब द्यायचाय. एकदा जिझानला गेलो की करार संपेपर्यंत दोन वर्षं सुटका नाही. मंगनी खोटी असेल तर मीही फायनल एक्झिट घेतो, तुझ्या अब्बांसमोर येऊन उभा राहतो, मग ते मारोत की काही करोत. गफूरलाच विचारावं म्हणून दवाखान्यात गेलो होतो. त्याचा जबडा तारेने बांधलाय, नळीने ज्यूस पितो. कागद-पेन पुढे केलं, तर पेन माझ्याच तळहातात खुपसलं. म्हणून तुला विचारतोय. तो खरं बोलला, की नुसता मला आऊट करायला?

तुझाच, अजून तरी,
मुआज