विहिरीवर विसळलेला पंप

झरी, गुरुवार संध्याकाळ

आज सहावीच्या वर्गात मिठाचा खडा पाण्यात टाकला. दिसेनासा झाला तशी एका मुलीनं विचारलं, "सर, मीठ गेलं कुठं?" म्हणालो, कुठंच नाही, पाण्यातच आहे.

घरी आलो तर दादा विहिरीच्या काठावर कीटकनाशक फवारणीचा पंप विसळत होता. नेहमीच विसळतो. आज माझे पाय थांबले.

"दादा, ते पाणी मुरून विहिरीतच जायलंय."

"मातीत जिरतंय की. इतकी वर्षं प्यायलाव, काय झालं?"

काय झालं, मला तरी कुठं माहीत? मीही तिथंच विसळायचो. विज्ञान शिकवतो, आणि हे आजवर सुचलं नाही?

वहिनीला सातवा महिना. तिनंच त्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या पुढं केला. त्या मिठासारखंच, काही म्हणता काही दिसेना. पाणी अगदी नितळ होतं.