पॅसेजमधला बल्ब

शुक्रवार संध्याकाळ, चिंचपोकळी

भाड्याने आणलेल्या दोन कॅमेऱ्यांतला काळोखात कुठला बरा, तेच ठरेना. माझी फिल्म अप्पांच्या जाणाऱ्या नजरेवर, म्हणून चाळीच्या पॅसेजमधला काळोखच हवा. एकात भिंत दाणेदार दिसते, दुसऱ्यात अप्पा मेणाचे दिसतात. त्यात शेजारच्या काकू सारख्या येऊन बल्ब लावतात. "काळोखात फोटो काळो येतलो रे." किती वेळा बंद करू तो बल्ब? शेवटी वैतागून तसाच राहू दिला आणि सामान आवरायला घेतलं.

"उजेड तेवढा कळतो," असं अप्पा परवापर्यंत म्हणायचे. ते खुर्चीत ताठ बसूनच होते. म्हणाले, "काकूंचा बल्ब बंद केलास ना? मग घे की."

बल्ब त्यांच्या डोक्यावरच जळत होता.

"हो अप्पा, केला," म्हटलं आणि कॅमेरा सुरू केला. दोन्हींतला कुठला, ते आता आठवत नाही.