गोठ्यातला माल

आबा, पहिली आली ती चष्मेवाली बाई. तिच्या मागनं काखेत बॅग धरलेला एक उंच माणूस. त्या दिवशी नातीला बघायला वाकडची माणसं यायची होती, त्यामुळं कोण, कुठले, मी काही विचारलंच नाही. दारात आलेल्याला आधी पाणी, मग चहा, काम त्याचं त्यानं सावकाश सांगावं, हे माहेरचं वळण, तुमचंच. ती बाई दोनदा म्हणाली, आजी, आम्ही जरा कामासाठी. मी म्हटलं, काम कुठं पळून जातंय, पोहे गार होतील. बसली बिचारी. सुनेनं पोह्यांवर ओलं खोबरं घातलं होतं, उंच माणसानं परत मागून घेतले. मला वाटलं हा मुलाचा मामा असणार. मामा लोकच बघायच्या कार्यक्रमात असं मोकळं खातात, बाप मेला अवघडून बसतो.

खाऊन झाल्यावर त्यांनी खालच्या गाळ्यांचं काढलं. कुणाला दिलेत, किती वर्षं झाली, धंदा कसा आहे. आता मुलीचं घर बघायला आलेली माणसं हे विचारायचीच, आपण नाही का मुलाची कंपनी कुठली, पर्मनंट आहे का, ते काढून घेत. मग मी कशाला मागं राहते? सांगितलं, आमचा नटबोल्टवाला भाडेकरू म्हणजे सोनं. सकाळी शटर वर गेलं की चिखलीतली सगळी वर्कशॉपची पोरं त्याच्या दारात. माल गाळ्यात मावत नाही म्हणून मागचा गोठासुद्धा त्यालाच दिलाय, छतापर्यंत भरलाय. बाईनं ताटली खाली ठेवली आणि विचारलं, गोठा कुठल्या अंगाला? तेवढ्यात नात साडी नेसून, खाली मान घालून, चहाचा ट्रे घेऊन आली. तो उंच माणूस असा गडबडला की उभाच राहिला. मग त्या बाईला हसू आवरेना. "आजी," ती म्हणाली, "आम्ही पाहुणे न्हाई हो. जीएसटी ऑफिसातनं आलोय."

तुम्ही असता तर उपरण्यात तोंड खुपसून हसला असता. नात तर स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसली हसत. खरे पाहुणे दुपारी आले, त्यांना परत पोहे करावे लागले, आणि सांगायला आनंद वाटतो की मुलगा चांगला आहे, नातीशी हळू आवाजात बोलला. पण ते असू दे.

जीएसटी म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसणार. तुम्ही चाकणच्या बाजारात पावत्या फाडायचात ना, बसलेल्या प्रत्येकाकडनं पैसे घेऊन, तसलंच, पण सगळ्या देशाचं. दुकानदारानं गिऱ्हाइकाला पक्कं बिल द्यायचं आणि त्यातला सरकारचा वाटा सरकारला पोचवायचा. आमचा नटबोल्टवाला पक्कं बिल देत नाही. हे मला माहीत आहे. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्या दिवशी तो लग्नाला गावी गेला होता, गोठ्याला त्याचं कुलूप. बाई म्हणाली, गोठा तुमचा आहे, तुम्ही समोर राहून दाखवाल का? जबरदस्ती नाही, पण भाडेकरूला मात्र आम्ही आलो होतो हे कळवू नका. मी म्हटलं, मुलगा कंपनीत गेलाय, गुरुवारी त्याची सुट्टी असते, तेव्हा या.

आता ह्या नटबोल्टवाल्याचं सांगते. तुमच्या जावयांच्या छातीत कळ आली तेव्हा ह्यानं गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून त्यांना टेम्पोत घातलं होतं. त्यानंतर ते नऊ दिवाळ्या बघून गेले. मी त्याच्याकडं बोट कसं दाखवू? मुलगा म्हणतो, आई, तू कशाला मधी पडतीस, आपण आपलं भाडं घ्यायचं. नात म्हणते, आजी, दाखव. ती पिंपळे सौदागरला हिशोबाच्या ऑफिसात काम करते, तिला ह्यातलं सगळं कळतं, आणि तोंडही तुमच्यासारखंच सरळ आहे.

आणि आबा, त्याच्या शेजारच्या गाळ्यात लातूरकडची एक बाई आहे. नवऱ्याच्या मागं तिनं हेच दुकान टाकलं, तेच नटबोल्ट, तेच वेल्डिंगचे रॉड. पण पक्क्या बिलाशिवाय एक वायसरसुद्धा देत नाही. बिलाचं म्हणजे महाग पडणार, मग पोरं दोन पावलं पुढं त्याच्याकडं जातात. ती दिवसभर फडक्यानं बरण्या पुसत बसते. मागच्या आठवड्यात वर येऊन म्हणाली, "मावशी, गिऱ्हाईक येईना गेलंय. या महिन्याला गाळा सोडते." मी तिला चहा दिला. दुसरं काय देणार?

तेव्हापासून मला चाकणचा तो बाजार दिसतो. मी चौथीत आहे, तुमच्या शेजारी पोत्यावर बसलेय. अंडीवाली म्हातारी तुम्हाला बघून पाटी पदराखाली घेते आणि मी मोठ्यानं सांगते, आबा, तिनं लपवली. तुम्ही गेलात, तिचीही पावती फाडलीत, सोडलं नाहीत. पण घरी येताना मला म्हणालात, पावती फाडायचं काम माझं हाय, तुझं न्हाई. उद्या तिच्या नाती तुझ्यासंगं खेळतील का? आणि मला रेवड्या घेऊन दिल्यात. पण त्या म्हातारीच्या शेजारी एक भाजीवाली होती, तिनं सकाळीच पावती घेतली होती. पाटी लपवलेली बघून ती तुम्हाला म्हणाली होती, मी भरलं ते काय येडी म्हणून? तुम्ही नुसतं पावतीपुस्तक उघडलंत. घरी येताना मी रेवड्या खात होते, नाहीतर तिचं काय ते विचारलं असतं. तुम्ही गेल्यावर विचारायला कुणी उरलं नाही.

शेवटी काल मी नटबोल्टवाल्याला वर बोलावलं. म्हटलं, बाबा, असं असं झालंय. मला विचारलं तर मी खोटं बोलणार न्हाई, गोठा दाखवणार. त्याच्या आत तू आपण होऊन जा आणि काय भरायचं ते भर.

तो म्हणाला, "काकू, सगळेच करत्यात."

"शेजारची करत न्हाई."

"म्हणून तर ती चालली."

चहा न घेताच खाली गेला. घरात कुणाला मी हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर मुलगा म्हणेल कशाला सांगितलंस, आणि नातही तेच म्हणेल, दोघं वेगवेगळ्या कारणानं. म्हणून तुम्हाला लिहिते. तुम्हाला लिहिलेलं कुठं पाठवायचंय?

आज सकाळी मी देवाला फुलं वाहत होते तर तो दारात. मला वाटलं भांडायला आला. त्यानं गोठ्याची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाला, "काकू, तुमचा गोठा हाय. तुम्हीच उघडा." मी मागं जाऊन फटीतून बघितलं. सगळा माल जागच्या जागी. एक पेटीसुद्धा हललेली नाही.

आणि खरं सांगू का आबा, मी त्याला आधी सांगितलं ते त्यानं आपण होऊन भरावं म्हणून नव्हतं. रातोरात त्यानं माल हलवावा आणि माझ्यामागची दाखवायची पीडा टळावी, एवढ्यासाठीच सांगितलं होतं. आता किल्ली माझ्या कमरेला आहे. ती चष्मेवाली बाई गुरुवारी येते म्हणालीय.