कुंकवाचा संप

नांदुरा, सोमवार, ता. ५ जानेवारी १९३१

आज मॅनेजर वामनरावनं मले खोलीत बोलावून खुर्ची दिली! चार हंगाम झाले, ह्या कापसाच्या जिनात हजेरी घेऊन राह्यलो, पण खुर्ची पह्यल्यांदा. म्हणे, "मोतीराम, बाया कुरकुर करून राह्यल्या. हंगाम संपेपर्यंत त्याइले गप ठेवलं तं तुमची जागा कायम करतो."

कायम! म्हणजे होळीले जिन बंद झालं की गावी जाऊन भावाच्या मळ्यात वांग्याले पाणी धरणं बंद. शेजारच्या मळ्यातला इंद्रभान दरसाल बांधावरून वरडते — "बाबूसायेब आले, धोतर खोचा!" यंदा त्याच्या तोंडाले कुलूप.

कुरकुर काय, तं दुपारची लेकरं पाजायची सुट्टी वामनरावनं बंद केली. बाया आत जिनाले कपाशी घालतात, लेकरं बाहेर निंबाले टांगलेल्या झोळ्यांत. बोंबलतात भल्ली!

मंगळवार, ता. ६

शाळेच्या मास्तरचं अर्थशास्त्राचं पुस्तक वर्षभर माह्यापाशीच हाये. मागते तो. देत नाई. त्यात श्रमविभाग म्हणून धडा हाये — एकानं एकच काम करावं, उत्पन्न वाढते. घरी करून पाह्यलं. बुढी मायनं शेण कालवलं, बायकोनं सारवलं.

सत्यभामा म्हणे, "अन् तुमचा भाग कोणता?"

"देखरेख."

"म्हणजे रोजच्यासारखंच."

शास्त्र बायकाइले समजत नाई.

गुरुवार, ता. ८

शेजारच्या मनकर्णाबाईचं लेकरू आज दिवसभर उठलंच नाई. जिनात रडू नये म्हणून सकाळी अफू चाटवली होती. आता सगळ्याच चाटवतात म्हणे. मनकर्णाबाई कामावर, अन् सत्यभामा त्याले झोळीतून घरी आणून मांडीवर घेऊन बसलेली. दिवे लागणीले त्यानं डोळे उघडले, तवा कुठं हिनं घोटभर पाणी घेतलं.

मले म्हणे, "तुमच्या हजेरीत हे बसते काय?"

नाई बसत. जेवण गेलं नाई आज.

सोमवार, ता. १२

नामी युक्ती सुचली! संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या घरी ठेवायचं, जिनातल्या सगळ्या बाया बोलवायच्या, अन् सत्यभामेनं त्याइच्यापुढं माह्यं भाषण म्हणायचं. वामनराव खूष. तीळ-गूळ जिनाकडून!

भाषण झकास जमलं. "मजूर अन् भांडवल हे एका गाडीचे दोन बैल होत."

सत्यभामा म्हणे, "मंग कडबा एकच बैल काऊन खाते?"

म्हटलं, तू फक्त पाठ कर.

बुधवार, ता. १४

संक्रांत. पाठ झालं काय, विचारलं. "झालं." लय गुणाची बायको भेटली मले!

शुक्रवार, ता. १६

चाळीसावर बाया आल्या. माणसाचं तिथं काय काम — मी गोठ्यात म्हशीपाशी बसलो. आधी उखाणे, हसणं, खिदळणं. मंग एकदम चूप. सत्यभामेचा आवाज येऊन राह्यला होता, शब्द समजत नव्हते. शेवटी सगळ्या एका सुरात काहीतरी बोलल्या. माह्या अंगावर काटा आला! माही वाक्यं तशीच होती म्हणा.

जाताना एकएक बाई मले पाहून पदर तोंडाले लावे. वामनरावले निरोप धाडला — काम फत्ते.

शनिवार, ता. १७

भोंगा झाला. फाटकातून एक बाई आत आली नाई. एक! मशिनी थंड.

बाहेर मनकर्णाबाई म्हणे, "बाबू, तुमच्याच घरी कुंकवाची शपथ घेतली आमी. सुट्टी भेटेपर्यंत जी कोणी कामावर जाईन, का शपथ मोडीन, तिचं कुंकू पुसलं जाईन."

म्हणजे नवरा मरन! आता कोणता नवरा बायकोले कामावर ढकलीन?

"शपथ कोणी घातली?"

"तुमच्या सत्यभामाबाईनं. पह्यली तिनंच घेतली."

वामनराव लालबुंद. "जा, बायकोले सांगा, शपथ मोड म्हणा!" घरी जाऊन गरजलो — मोड शपथ! सत्यभामा शांत. "मोडतो. तुमीच सांगा, मोडू?" बुढीनं तं गळाच काढला, "मोत्या, तुह्या जीवावर आलं रे!"

मी शिकलेला माणूस. असल्या गोष्टी मानत नाई. पुस्तक चाळलं, त्यात ह्यावर धडा नाई. तेवढ्यात छातीत काहीतरी चमकलं. म्हटलं, राहू दे.

सोमवार, ता. १९

वामनरावनं वडनेर भोलजीहून दोन बैलगाड्या भरून बाया आणल्या. फाटकापुढं आमच्या बाया हळदीकुंकवाची ताटं घेऊन उभ्या! रथसप्तमीपर्यंत चालतेच, अन् सवाशीण कुंकवाले नाई म्हणत नाई. कुंकू लावलं, तीळ दिले, शपथ घातली. गाड्या हाकणारे दोघं त्यातल्याच दोघींचे नवरे. त्याइनंच झटक्यानं बैल वळवले!

हसायले नोको होतं. हसलो. वामनरावनं पाह्यलं.

बुधवार, ता. २१

जिनाचे मालक शेटजी स्वतः आले. कपाशीचे ढीग आभाळाले टेकले, काय करतीन! दुपारी अर्धा घंटा सुट्टी, झोळ्याइवर टिनाची छपरी, अन् लेकराइजवळ कायम पगारी एक बाई — सगळं कबूल. कोणी अफू चाटवायची नाई, हे बायाइनं आपसात ठरवलं. मनकर्णाबाई रडली. मलेही भरून आलं, खोटं काऊन लिहू?

शेटजीनं विचारलं, "हे हळदीकुंकू कोणाच्या डोक्यातून निघालं?"

छाती काढून सांगतलं, "माह्या!"

"असं काय? कायम जागेचं उद्या सांगतो," म्हणे. मारुतीले नारळ बोललो.

शुक्रवार, ता. २३

काल निकाल लागला. हजेरीवर माह्या जागी वामनरावचा मेव्हणा आला. कायम जागा एकच निघाली, छपरीतली. बायाइनं एकच नाव देलं.

आज भोंगा झाला, सवयीनं मी टोपी घातली. सत्यभामा पायरीवरून म्हणे, "तुमी बसा. भोंगा माह्यासाठी हाये."