पलीकडची टांकसाळ

३ नोव्हेंबर, सोमवार

संग्रहालय सोमवारी बंद!

चौकशी केली म्हणून कळलं. लगेच वहिनींना फोन लावला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पण भावोजी, आपण रविवारी जाणार आहोत ना?"

हो की.

तरी माहिती महत्त्वाचीच, असं मी म्हणालो. त्याही "हो तर, फारच" म्हणाल्या. त्या असं म्हणतात तेव्हा नक्की हसत असतात.

दादा होता तेव्हा कारण लागत नसे. घरं वेगळी झाली तरी रविवारी सकाळी मी फोन करायचा, वहिनींनी उचलायचा, "देते हं" म्हणायचं आणि दादाकडे द्यायचा. कित्येक वर्षं आमचं बोलणं म्हणजे हे एवढंच — "देते हं." मार्चमध्ये दादा गेला. आता पलीकडे फोन द्यायला कुणी नाही. सुरुवातीला मी पेन्शनचं विचारायचो, स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाचं विचारायचो. मग पेन्शन सुरू झाली आणि नळही दुरुस्त झाला. पंचाईत!

सप्टेंबरात त्याच बोलून गेल्या, "यांचं ते नदीकाठचं गाव राहूनच गेलं. दर वर्षी नेतो नेतो म्हणायचे." मी म्हटलं, आपण जाऊ. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. किल्ला, घाट, संग्रहालय. नदीपलीकडे जुनी टांकसाळ आहे, जिथे त्या काळी नाणी पाडायचे. तिथे नावेतून जायचं.

तेव्हापासून सांगायला काहीतरी असतं.

५ नोव्हेंबर

आज फोन केला नाही. कारण सापडलं नाही.

७ नोव्हेंबर

बसस्थानकावर जाऊन आलो. चौकशीच्या खिडकीतल्या बाईंनी वर न बघता सांगितलं, "सकाळी सहाची आहे. लागली तर लागते." हे वाक्य आमच्या महापालिकेच्या दारावर कोरून लावावं. वार्ताहर म्हणून सगळी नोकरी त्या दारात उभं राहण्यात गेली, पण तिथला कारभार इतक्या नेमक्या शब्दांत मला कधी मांडता आला नाही.

वहिनींना सांगितलं. म्हणाल्या, "मी तयार असेन. तुम्ही उठणार का ते बोला. शाळेत असताना तुम्हाला उठवायला मला पेलाभर पाणी लागायचं."

त्या लग्न होऊन घरात आल्या तेव्हा मी सातवीत होतो. पाणी तोंडावर पडलं की मी रडत रडत संस्कृत धातू म्हणायला लागायचो, असं त्या सांगतात. साफ खोटं! रडत नव्हतो.

९ नोव्हेंबर, रविवार

डब्यात काय न्यायचं, थर्मास एक की दोन. दोन कशाला? "एक चहाचा, एक माझा," म्हणाल्या. म्हणजे काय ते मी विचारलं नाही. त्यांचा चहा बिनसाखरेचा असतो, हे मागाहून लक्षात आलं.

मी किल्ल्याचा इतिहास सांगायला सुरुवात केली, तर लगेच अडवलं. "शास्त्रीबुवा, प्रवचन घाटावर. आणि जेवण झाल्यावर. पोट रिकामं असलं की मला राजेबिजे ऐकू येत नाहीत."

संस्कृतात दोघांसाठी वेगळं वचन आहे. पाठशाळेत ती रूपं पाठ करताना जीव जायचा. तेव्हा वाटायचं, हे लागणार कुणाला? मला खरंच लागलं नाही. लग्न राहून गेलं. घरात कप दोन आहेत, पण दुसऱ्यात पेनं ठेवलेली असतात.

११ नोव्हेंबर

कचेरीत शेजारच्या टेबलावरचा क्रीडावाला म्हणाला, "अजून गेला नाहीत? एका दिवसाची तर ट्रिप! बस ठरली, डबा ठरला, आता राहिलं काय?"

खरंच, राहिलं काय? सगळं ठरलं. सांगण्यासारखं काही उरलं नाही. जाऊन आलो की तेही संपलं! मग वहिनींना काय विचारायचं? नळ गळतोय का?

हे आधी सुचलं नव्हतं. दिवसभर पाणीकपातीची बातमी लिहीत होतो आणि आत हेच चाललं होतं.

१२ नोव्हेंबर

त्या गावात आमचा एक वार्ताहर आहे. त्याला फोन केला. त्याने भरपूर माहिती दिली. पाणी कमी आहे, पण नाव चालू आहे. नदीवरचा दगडी पूल कधीच पडलाय, या काठाला तीन कमानी उभ्या आहेत, म्हणून नावेशिवाय पलीकडे जाता येत नाही. माणसं जमली की नावाडी निघतो.

वहिनींना फक्त पाणी कमी असल्याचं सांगितलं. "अगं बाई! मग नाव?" म्हणाल्या. उद्या कळवतो म्हटलं.

आमच्या धंद्यात हे चालतं. मोठी बातमी एका दिवसात संपवायची नसते. आज पहिला भाग, उद्या पाठपुरावा.

१४ नोव्हेंबर

काल नावेचं सांगितलं, आज पुलाचं. पकडला गेलो!

"भावोजी, हे तुम्हाला परवाच कळलं होतं ना?"

"...हो."

"मग परवा का नाही सांगितलंत?"

"जागेअभावी राहिलं," कचेरीत बातमी छापायची राहिली की म्हणतात तसं म्हणालो.

मग हसल्या. दादा गेल्यापासून त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "दूध उतू गेलं बघा तुमच्यापायी," आणि फोन ठेवला.

१५ नोव्हेंबर

वहिनींना सर्दी. उद्याचं जाणं पुढच्या रविवारवर. आनंद झाला. कुणाला सांगू नये असला आनंद. लगेच काढ्याची चौकशी केली, वाफारा घेतला का विचारलं. सर्दी हा चांगला विषय आहे.

१९ नोव्हेंबर

सर्दी बरी झाली. ओट्याशी उभ्यानेच जेवलो. मग रेडिओ लावला. शेतीमालाचे भाव सांगत होता. बाई छान बोलत होती, म्हणून शेवटपर्यंत ऐकले. कांदा उतरला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उद्या. वहिनी म्हणाल्या, "चला, होऊन जाऊ दे एकदाचं."

'एकदाचं' लागलं जरा.

२३ नोव्हेंबर, रविवार

बस लागली. सहाचीच लागली! वहिनी दादाचा करडा मफलर गुंडाळून आल्या होत्या. मी उठलो याबद्दल माझं अभिनंदन झालं.

किल्ल्यात फारसं काही नाही. भिंती आणि बकऱ्या. संग्रहालयात मात्र वहिनी प्रत्येक पाटी वाचत होत्या, एका नाण्यापाशी तर किती वेळ! "हे असते तर म्हणाले असते, एवढ्यासाठी तिकीट काढलंत?" म्हणाल्या. दादा अगदी हेच म्हणाला असता. आम्ही दोघंही त्या नाण्याकडे बघत राहिलो.

घाटावर डबा खाल्ला. माझं प्रवचन झालं. झोप लागली नाही त्यांना, हे नोंदवून ठेवतो. समोर पुलाच्या तीन कमानी, पुढे नुसतं पाणी, आणि पलीकडे झाडांत टांकसाळीचं छप्पर. नावाडी हाक मारत होता, "चला, दोघांची जागा आहे, लगेच सोडतो!"

मी उठलो. वहिनींनी गुडघ्यावर हात ठेवला. "नको हो. गुडघा बोलायला लागला. तुम्ही या जाऊन."

एकट्याने कसला जातोय! बसलो खाली. नाव गेली. त्यांनी त्यांच्या थर्मासमधला चहा मला दिला. बिनसाखरेचा. प्यायलो.

परतताना बसमध्ये त्या खिडकीला टेकून झोपल्या. त्यांची पिशवी वर पोचवली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी धापा टाकत पोचलो तर त्या कुलूप काढून दारात उभ्या, पाण्याचा पेला हातात. तोंडावर मारणार वाटलं! प्यायलाच दिला.

"झालं बाई एकदाचं," म्हणाल्या. "पोचलात की कळवा."

पोचल्यावर कळवलं. "बरं," म्हणाल्या. एवढंच.

२४ नोव्हेंबर

फोन केला नाही.

२६ नोव्हेंबर

क्रीडावाल्याने विचारलं, "झाली ट्रिप?" झाली म्हटलं. "मग आता पुढे काय?" हा माणूस सामन्यांना जातो तेव्हा तिथेही असेच प्रश्न विचारत असेल.

संध्याकाळी दोनदा फोन हातात घेतला. गुडघ्याचं विचारावं, असं मनात आलं. पण गुडघा म्हणजे पुन्हा नळच. बरा झाला की संपलं. आणि त्यांनाही वाटेल, दीर म्हणून कर्तव्य करतोय. त्यांनी मला कधी फोन केलेला नाही. माझेच आपले चालू. कोण जाणे, त्यांना कंटाळा येत असेल. "देते हं" म्हणून कुणाकडे देताही येत नाही.

२८ नोव्हेंबर

दुसऱ्या कपातली पेनं काढून कप धुतला. पुन्हा पेनं ठेवली.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी फोन वाजला. कचेरीचा असणार म्हणून उचलला.

"भावोजी, ती टांकसाळ रविवारी उघडी असते का हो? चौकशी केलीत?"

म्हटलं, "वहिनी, पण तुमचा गुडघा..."

"गुडघ्याला काय धाड भरलीय! रोज तीन जिने चढते मी."

"मग नावेत का नाही बसलात?"

तिकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "जागेअभावी राहिलं."

टांकसाळ रविवारी उघडी असते, मला केव्हाचं माहीत आहे. उद्या सांगतो म्हणालो.