आपोआप उघडणारं पान

प्रिय भिंगरी,

परवा फोनवर तू सगळं सांगितलंस आणि मी नुसतं ‘बरं’ म्हणालो. माझ्या ‘बरं’ला काही अर्थ नसतो हे तुला माहीत आहे. तुझी आई म्हणायची, ह्यांना घराला आग लागली म्हणून सांगितलं तरी हे ‘बरं’ म्हणतील आणि चपला शोधायला लागतील. माझी सगळी नोकरी वीज कंपनीच्या तक्रार विभागात झाली, त्यामुळे बोलण्यापेक्षा लिहिणं मला जरा जमतं. तेही ‘आपली तक्रार मिळाली, चौकशी सुरू आहे’ इथपर्यंत. त्यापुढचं लिहायची सवय नाही, तेव्हा काही वाकडंतिकडं वाटलं तर सांभाळून घे.

इकडचं ठीक आहे. न्हाणीघरातला नळ दुरुस्त झाला. जेवताना मी हल्ली आईच्या खुर्चीवर बसतो, कारण माझ्या खुर्चीवर बसलं की समोर तिची दिसते. मावशी अधूनमधून येते, स्वयंपाकघरातले डबे इकडचे तिकडे करते आणि जाते. मग मला साखर सापडत नाही. परवा म्हणाली, “भाऊजी, तुम्ही माणूस आहात की कपाट? जरा रडा तरी.” मी तिला चहा करून दिला, बिनसाखरेचा. आईच्या वाचनमंडळातल्या बायका शुक्रवारी अजून आपल्याकडेच जमतात. मी नको म्हणालो नाही. त्या बाहेरच्या खोलीत वाचतात आणि मी आत वर्तमानपत्र घेऊन बसतो. आईचा विषय निघाला की सगळ्यांचा आवाज खाली येतो. किती शांतपणे गेली, म्हणतात. एक पिकलं पान गळावं तशी. मी आत वर्तमानपत्राचं पान उलटतो.

आता तुझ्या गाठीबद्दल. तुझ्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मला समजलं ते असं: गाठ लहान आहे, चांगली नाही, पण आत्ता काढली तर पुढचं सोपं जाईल, थांबू नका. आणि तू त्यांना सांगून आलीस की आतून होकार आल्याशिवाय मी टेबलावर जाणार नाही. मग घरी येऊन, इथून नेलेलं आईचं रोजच्या वाचनातलं निळं पुस्तक उघडलंस. तू म्हणालीस, वेगवेगळ्या दिवशी, डोळे मिटून, मनातल्या मनात प्रश्न विचारून उघडलं आणि दर वेळी तेच पान आलं. “मूठ उघड. जे जायचं ते जाऊ दे. वाट आपोआप दिसेल.” तुझा आवाज आनंदी होता, भिंगरी. “बाबा, आई बोलतेय माझ्याशी,” म्हणालीस. तू फोन ठेवल्यावर तासाभरात जावईबापूंचा फोन आला. ते बिचारे जिन्यात उभे राहून बोलत होते, तुला ऐकू जाऊ नये म्हणून. म्हणाले, “मी तिच्याशी भांडू शकतो बाबा, पण आईंशी कसा भांडू?”

म्हणून मला त्या पुस्तकाबद्दल लिहायचं आहे. मी त्या पुस्तकांची टिंगल करतो असं तुला वाटतं. पूर्वी करायचो. आईने पहिलं पुस्तक आणलं तेव्हा तू शाळेत होतीस. ‘स्वतःला ओळखा’ अशा कुठल्याशा अर्थाचं नाव होतं. मी म्हणालो, ओळख नसेल तर रेशनकार्डावर फोटो आहे, बघून घे. ती हसली नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून खिडकीत बसायची आणि एखादंच पान वाचायची. मग पुस्तक मांडीवर उलटं ठेवून बाहेर बघत राहायची. मला वाटायचं, हिला झोप येतेय. पण त्यानंतर हळूहळू घरात फरक पडत गेला. माझ्या थोरल्या बहिणीला ती आयुष्यात पहिल्यांदा ‘नाही जमणार’ म्हणाली, तेही हसतमुखाने. अक्का दोन महिने बोलली नाही आणि मग तिच्याशीच सगळ्यात जास्त बोलायला लागली. मी चिडलो की आधी ती गप्प बसून कढत राहायची. आता सरळ विचारायला लागली, “अहो, राग माझा आलाय की साहेबाचा?” बहुतेक वेळा तो साहेबाचा असायचा. हे सगळं तिने त्या पुस्तकांतून मिळवलं. मी वाचली नाहीत, पण त्यांच्यामुळे माझा संसार सुधारला हे मी मान्य करतो.

ती गेल्यावर, तू निळं पुस्तक न्यायच्या आधी, मीही तुझ्यासारखंच केलं होतं. हे कुणाला सांगितलेलं नाही. घर रिकामं होतं. तिच्या खिडकीत बसलो, डोळे मिटले आणि पुस्तक उघडलं. मूठ उघड, जे जायचं ते जाऊ दे. माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं, ती सांगतेय. त्याच आठवड्यात मी तिचे सगळे कपडे बांधून देऊन टाकले. तो मातकट रंगाचा स्वेटरही, जो तू नंतर कपाटात शोधत होतीस. तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, मावशीने नेला असेल. नेला नाही. पुस्तकाने सांगितलं म्हणून मी दिला, आणि आता तो कुणाच्या अंगावर आहे मला माहीत नाही.

मागच्या आठवड्यात वाचनमंडळातल्या बायका गेल्यावर त्यांचं एक पुस्तक टेबलावर राहिलं होतं. चहा पीत पीत चाळत होतो. एका हातात कप, म्हणून पान मिटू नये यासाठी दुसऱ्या हाताचं कोपर पुस्तकाच्या मध्यावर दाबून ठेवलं. करकर आवाज झाला. कप ठेवला, पुस्तक मिटलं, पुन्हा उचललं तर तेच पान उघडलं. पुन्हा मिटलं. पुन्हा तेच.  आणि मला माझं तेव्हाचं कोपर आठवलं.

हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी आईला डोळ्यांनी वाचवेना, तेव्हा दुपारी मी तिला वाचून दाखवायचो. तू संध्याकाळी यायचीस, तोवर पुस्तक उशाखाली गेलेलं असायचं. स्टूल उंच, पलंग खाली, त्यामुळे पुस्तक गादीवर ठेवावं लागे. एका हाताने मी तिचे पाय चोळायचो, कारण ते गार पडायचे, आणि दुसरं कोपर पुस्तकावर. अंगाचा सगळा भार त्यावर. पुस्तकाचा कणा मोडला तो तिथे. भिंगरी, ते पान तुझी आई उघडत नाही. ते माझ्या कोपराने उघडतं. तू कुठलाही प्रश्न विचार, ‘आज पाऊस पडेल का’ असं जरी विचारलंस तरी ते तिथेच उघडेल.

आणि रोज तेच पान का, तर ते तिला आवडायचं म्हणून नव्हे. ते प्रकरण लहान होतं, आणि मी ते टेंडर नोटीस वाचावी तसं वाचायचो. दोन ओळींत तिचा डोळा लागायचा. एकदा डोळे मिटूनच म्हणाली, “तेच वाचा हो कालचं. दुसऱ्या कुणी वाचलं तर मोक्ष मिळत असेल, तुम्ही वाचलं की झोप मिळते.” शेजारच्या पलंगावरच्या बाई इतक्या हसल्या की नर्स बघायला आली. हे तुला सांगताना मला हसूही येतंय. पण ज्या पानाने तिला दुपारची झोप दिली, त्याच पानावर तू तुझ्या आयुष्याचा निकाल लावायला बसली आहेस.

आणखी एक. तू आईला पुस्तक उघडताना पाहिलंस, पण ती काय विचारते ते तुला ठाऊक नव्हतं. ते ती मनात विचारायची. मला माहीत आहे, कारण एका शुक्रवारी मी आतून ऐकलं. मंडळातल्या त्या शिलाईचा क्लास चालवणाऱ्या बाई म्हणत होत्या, मी पुस्तकाला विचारलं, मोतीबिंदू काढू का, तर ‘आतला प्रकाश पुरेसा आहे’ असं आलं. आई अशी कडाडली की माझ्या हातातला पेपर खाली पडला. “अगं, पुस्तक काय रखवालदार आहे, आत जाऊ का बाहेर जाऊ म्हणून विचारायला? डोळ्याचं डोळ्याच्या डॉक्टरला विचार. पुस्तकाला एकच विचारायचं, मी कशाला घाबरतेय?” त्या बाईंनी पुढच्याच महिन्यात ऑपरेशन केलं. आता सुईत दोरा स्वतः ओवतात आणि आईच्या फोटोपेक्षा माझ्या शर्टाच्या बटणांकडे जास्त बारीक बघतात.

तू म्हणशील, बाबा, आईने सगळं केलं. ऑपरेशन, औषधं, केस गेले, चव गेली, आणि तरी ती गेलीच ना? हो.  मी डॉक्टरांनाही हेच विचारलं. तिची गाठ उशिरा कळली होती, तुझी लवकर कळली आहे, एवढा फरक ते सांगतात आणि मी तो धरून बसलो आहे. त्यापलीकडे मला काही कळत नाही.

पण एक गोष्ट तुला कळायला हवी, आणि ती माझ्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. तुझी आई पिकल्या पानासारखी गेली नाही. तिने मूठ उघडली नाही. शेवटच्या आठवड्यात तिने मोठ्या डॉक्टरांचा कोट धरून ठेवला आणि विचारलं, “अजून काय आहे तुमच्याकडे? ते सगळं सांगा मला.” ते गेल्यावर ती माझ्यावर चिडली, कारण मी गप्प उभा होतो. मी तिला समजवायला गेलो, म्हणालो, इतकी वर्षं वाचलंस, मन शांत ठेव. तर म्हणाली, “तेच तर वाचलं इतकी वर्षं! मला नक्की काय हवंय ते कळावं म्हणून. आणि कळलंय मला. मला जगायचंय. ह्यात अशांत काय आहे?” मग थोड्या वेळाने म्हणाली, पाय चोळा. तू संध्याकाळी आलीस तेव्हा ती थकून झोपली होती, आणि तुला ती शांत दिसली. बायकांनाही तशीच दिसली. मी तो समज तसाच राहू दिला, कारण सगळ्यांना त्याने बरं वाटत होतं. तुझी ही गाठ सापडली नसती तर राहूही दिला असता.

बुधवारी तुला पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे जायचं आहे हे जावईबापूंनी सांगितलं. आज सकाळी मी खिडकीत बसलो. पुस्तक न घेताच आईचा प्रश्न स्वतःला विचारला. उत्तर लगेच आलं. मला हॉस्पिटलच्या त्या तसल्या लांब कॉरिडॉरची भीती वाटते, तिथल्या बाकांची, नाव पुकारणाऱ्या मुलीच्या आवाजाची. तू ऑपरेशन नाकारलंस तेव्हा मनाच्या एका कोपऱ्यात मला सुटल्यासारखं वाटलं होतं, म्हणून मी ‘बरं’ म्हणालो. ते ‘बरं’ परत घेण्यासाठी हे पत्र. तू तुझ्या मनाची मालकीण आहेस, जबरदस्ती मी करणार नाही. पण मी काही बोललोच नाही असं उद्या व्हायला नको. तर स्पष्ट लिहितो, पुन्हा लिहायला जमेल न जमेल. ऑपरेशन करून घे. मला तू हवी आहेस. मी मंगळवारच्या दुपारच्या गाडीने येतोय आणि बुधवारी तिथल्या बाकावर बसणार आहे, कितीही वेळ लागो. तू आत जायचं ठरवलंस तरी बसेन, नाही ठरवलंस तरी तुला घेऊन घरी यायला तिथे असेन. मला आणायला कुणी येऊ नका.

तुझाच, बॅग भरून बसलेला,
बाबा