जास्तीचं गेट

प्रिय धाकट्या,

तुझी ती घड्याळाशिवायची सर्किटं शिकते आहे. हस खुशाल. सगळ्या भागांना एका ठोक्यावर हाकणारं घड्याळ नाही, म्हणून ज्याला मी भर सभेत बेशिस्तीचं शास्त्र म्हटलं, त्याच्याच वर्गात चौथ्या बाकावर बसते. शिकवणारी तुझ्याहून सहा वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी म्हणाली, मॅडम, इथे भाषण चालत नाही, सर्किट चालवून दाखवावं लागतं. तू गेल्यावर विभागात हे जाणणारं कुणी उरलं नाही, म्हणून मीच आले.

तिसऱ्या आठवड्यात एक छोटं सर्किट आधी हातानं काढलं, मग डिझाइनच्या टूलला दिलं. टूलनं त्यातलं एक गेट, म्हणजे संकेत पुढे सोडणारा किंवा अडवणारा छोटा भाग, जास्तीचं ठरवून उडवलं आणि जागा वाचल्याचं कळवलं. मी खूश. चाचणीत सर्किट कोलमडलं. नेहमीच्या, घड्याळावर चालणाऱ्या चिपमध्ये क्षणभराचा चुकीचा संकेत पुढचा ठोका पडेपर्यंत विरून जातो. इथे प्रत्येक संकेत हुकूमच ठरतो. चुकीचा संकेत अडवायला हे वरवर बिनकामाचं गेट लागतं, आणि टूलनं त्याला हात लावू नये म्हणून खूण करून ठेवावी लागते.

मी वही मिटली. तुझ्या शेवटच्या चिपमध्ये अशा अकरा खुणा होत्या. जागा मर्यादेबाहेर जात होती, तू रजेवर होतास, आणि एका दुपारी मी त्या सगळ्या पुसल्या. वाटलं, नवख्याची धास्ती, दुसरं काय. चिप फसली तेव्हा मला ते आठवलंही नाही. तुझ्याकडे बोट करून जबाबदारीवर वीस मिनिटं बोलले. तू एवढंच म्हणालास, "ताई, ती गेटं मी उडवली नव्हती." मला टाळ्या मिळाल्या, तू राजीनामा दिलास.

मंगळवारी जुन्या फायली उघडल्या. खुणा पुसल्याच्या नोंदीपुढे माझं नाव आहे.

तू जिथे अर्ज केला आहेस, त्यांनी आमच्याकडे तुझ्याबद्दल मत मागितलं आहे. साहेबांनी माझ्या भाषणाच्या आधारे उत्तर लिहून ठेवलं होतं. मी नोंद समोर ठेवली, उत्तर बदलायला लावलं. ते काल गेलं, प्रत सोबत आहे. त्याच सभागृहात, त्याच लोकांना खरं काय ते सांगितलं. दोन मिनिटं पुरली. आता आई राहिली. ती तुला धांदरट म्हणते ती माझ्याच शब्दावर. रविवारी तिच्याकडे जाते आहे. तू आलास तर तुझ्यासमोर सांगेन. नाही आलास तरी सांगेन.

तुझीच,
उशिरा शिकलेली ताई